मटन हिलची रॅक सुरक्षा योजना

माणसाला पक्ष्यासारखं उडता यावं, हा प्रश्न मानवजातीने बऱ्याच वर्षांपूर्वी सोडवला. पंख टेकडीवर कसे न्यायचे, हा मात्र अजून सुटलेला नाही. हँग ग्लायडर घडी घालून पिशवीत भरला की सहा मीटरच्या आसपास लांब होतो, आणि आमच्या टालबुंगा गावातल्या बहुतेक गाड्या त्याच्या पुष्कळ अलीकडेच संपतात. वजन एखाद्या बऱ्यापैकी मेंढीइतकं. पण मेंढी निदान वाकते.

त्यामुळे आमच्याकडे उडणाऱ्या प्रत्येकाच्या गाडीच्या टपावर एक सांगाडा असतो. त्याला रॅक म्हणतात. तो विकत घ्यायचा नसतो. विकतच्या रॅकवर ग्लायडर नेणं म्हणजे स्वतःच्या लग्नात भाड्याचा नवरा उभा करणं. रॅक आपल्या शेडमध्ये, आपल्या हाताने, बायकोला न विचारता उचललेल्या वस्तूंचा करायचा. माझ्या नवऱ्याचा, म्हणजे रॉसचा रॅक आमच्या मुलींच्या झोपाळ्याच्या पाइपांचा आहे. क्लबचा अध्यक्ष कॉलिन व्हिटेकर याने घरातली कपाटं मोडून रॅक केला, म्हणून त्याच्या गाडीच्या नाकावर अजून एका ड्रॉवरची मूठ आहे. नेरिडा कोहूनचा रॅक म्हणजे एक लांब ॲल्युमिनियमची शिडी, आणि तिला पुढेमागे टेकू म्हणून एका लोखंडी पलंगाचं डोकं आणि पायथा. पलंग तिच्या पहिल्या नवऱ्याच्या आईने लग्नात दिला होता. "त्या घरातून आलेली एवढी एकच वस्तू भार सोसते," असं नेरिडा सांगते.

या सगळ्यावर फोमची जाड नळकांडी गुंडाळलेली असतात, पोहायला शिकणारी पोरं काखेत धरतात तसली, म्हणजे ग्लायडरला ओरखडा पडत नाही. गाडीला ओरखडे पडतात, पण गाडीकडे कोण बघतं?

मी स्वतः उडत नाही. मी गाडी खाली आणते. ही आमच्या खेळातली अडचण लोकांच्या लक्षात येत नाही: चौघे जण एका गाडीतून टेकडीवर चढतात, चार दिशांना उडून जातात, आणि गाडी वरच राहते. अशा वेळी कुणाची तरी बायको लागते. मग ती गाडी घेऊन कुरणाकुरणांतून फिरते, एकेकाला गोळा करते, ग्लायडर टपावर बांधते, आणि मोबदल्यात एक बिअर पिते आणि चारही उड्डाणांची तीच गोष्ट ऐकते. ही नोकरी मी इतकी वर्षं केली आहे की टालबुंगात पट्टे आवळायची गाठ 'जॅनीनची गाठ' म्हणून ओळखली जाते. जॅनीन म्हणजे मी.

तर एवढ्या वर्षांत आमच्या एकाही रॅकवरून एकही ग्लायडर पडला नव्हता. पडलं ते एक फोमचं नळकांडं. रॉसच्याच रॅकवरचं होतं. मुख्य रस्त्यावर आडवा वारा आला, नळकांडं सुटलं, कुंपणावरून तरंगत गेलं आणि बोल्स क्लबच्या हिरवळीवर अलगद उतरलं. बोल्स म्हणजे गवतावर चेंडू घरंगळवायचा म्हाताऱ्यांचा खेळ. तिथे उपांत्य सामन्याचा शेवटचा चेंडू घरंगळत निघाला होता. तो नळकांड्याला टेकला आणि थांबला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण बोल्स क्लबचे लोक हरल्यावर फार विचार करतात, आणि त्यांनी विचार करून असं ठरवलं की त्या जागी लहान मूल असतं तर? बोल्स क्लबमध्ये सत्तरीच्या आतलं कुणी कधी दिसलेलं नाही, पण शक्यता नाकारता येत नव्हती.

आठवड्याभरात कॉलिनने सभा बोलावली.

"कौन्सिलने नियम करायच्या आत आपणच नियम करू," तो म्हणाला. "म्हणजे कौन्सिलला करायला काही उरणार नाही."

"आणि आपल्याला?" नेरिडाने विचारलं.

"आपण सुरक्षित होऊ."

"ते आत्ताही आहोत."

"आहोत, नेरिडा. पण ते कुठे सिद्ध झालंय?"

नेरिडाच्या विचारण्यामागे कारण होतं. ती एकाहत्तर वर्षांची. शरद ऋतूत तिचा खुबा बदलला होता आणि हिवाळाभर, म्हणजे आमच्याकडे जून ते ऑगस्ट, ती जमिनीवर होती. आमच्याकडे उडण्याचा परवाना चालू ठेवायचा तर वर्षात एक तरी उड्डाण व्हावं लागतं, दोन साक्षीदारांसमोर, सप्टेंबर संपायच्या आत. ते झालं नाही तर परवाना जातो आणि समुद्राकाठच्या वाळूच्या टेकाडावर विशीतल्या पोरांबरोबर पहिलीपासून सुरुवात करावी लागते. त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते. नेरिडाचा डॉक्टर तिच्या चपला घालून होण्याची वाट बघतानासुद्धा तिच्या वयाबद्दल बोलतो. थोडक्यात, सप्टेंबर चुकला की नेरिडा कायमची खाली. हे सभेत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांना त्याबद्दल मनापासून वाईट वाटत होतं. वाईट वाटून घ्यायला आमचा क्लब कधी कमी पडलेला नाही.

मग रॅक सुरक्षा अधिकारी निवडायचा होता. आमच्याकडे निवडणुकीची पद्धत सरळ आहे: मतदानाच्या वेळी जो खोलीत नसेल तो एकमताने निवडून येतो. त्यामुळे सभेत माणसं तास-तास मूत्राशय आवळून बसतात. त्या दिवशी लिंडसे प्रॅटली मागच्या अंगणात सॉसेज उलटायला गेला. चिमटा हातात घेऊन आत आला तेव्हा टाळ्या चालू होत्या.

"कोण निवडून आलं?" त्याने विचारलं, आणि आमचे चेहरे बघून चिमटा खाली ठेवला.

लिंडसे हा स्वभावाने गरीब माणूस. निवृत्त होण्याआधी तो शाळेसमोर 'थांबा' लिहिलेली गोल पाटी घेऊन उभा राहायचा आणि मुलांना रस्ता ओलांडून द्यायचा. पण कॉलिनने त्याला चमकणाऱ्या पिवळ्या कापडाचं एक जाकीट आणून दिलं. त्या जाकिटात काही तरी असतं. माणूस ते घालतो तेव्हा लिंडसे असतो. चेन गळ्यापर्यंत ओढतो तोवर कार्यालय झालेला असतो.

पहिला नियम असा झाला की रॅकने ग्लायडरच्या तिप्पट भार पेलला पाहिजे. एका रविवारी प्रत्येक रॅकवर तीन-तीन ग्लायडर बांधले. सगळे रॅक उत्तीर्ण झाले. नेरिडाचा पलंग तर कुरकुरलासुद्धा नाही. लिंडसेचा चेहरा पडला.

"सगळेच पास झाले तर याला तपासणी कोण म्हणेल?" तो म्हणाला.

म्हणून दुसरा नियम. ग्लायडर गाडीच्या मागे बाहेर येतो, तर त्याच्या टोकाला लाल फडकं बांधायचं हा रस्त्यावरचा जुनाच कायदा. लिंडसेने ते फडकं चिमटीत धरून पाहिलं.

"हे फडफडतं," तो म्हणाला.

"फडकंच आहे ते," रॉस म्हणाला.

"फडफडणारी वस्तू सुटू शकते. नळकांडंही आधी फडफडलंच असणार."

तेव्हा फडक्याच्या जागी लाल रंगाची प्लायवूडची फळी आली. फळी ग्लायडरच्या टोकाच्या हातभर मागे यायची. आता मागे येणाऱ्या कुठल्याही वस्तूला खूण लागते, त्यामुळे फळीला दुसरी फळी लावावी लागली.

"आणि त्या दुसऱ्या फळीला?" रॉसने विचारलं.

लिंडसेने फळी उलटीसुलटी करून पाहिली. "ती आतल्या बाजूला लावायची," तो अखेर म्हणाला. म्हणजे ती मागून दिसत नसे, पण नियमाला दिसत असे, आणि तेवढ्यावर भागलं.

तिसरा नियम चालकांचं प्रशिक्षण. मला गाठ मारण्याच्या परीक्षेला बसावं लागलं. गाठ जॅनीनची होती, परीक्षक लिंडसे होता, आणि त्याला ती गाठ मीच शिकवलेली. पहिल्या वेळी मी नापास झाले, कारण मी मारलेली गाठ त्याला सोडवता येईना. दुसऱ्या वेळी मी जरा सैल मारली आणि पास झाले.

इथवर आम्ही हसत होतो. चौथा नियम ज्या सभेत झाला तिथेही बहुतेक हसतच होतो, असं मला आठवतं.

"रॅकची वाऱ्यात तपासणी झालीय का?" असं कॉलिनने सहज विचारलं होतं.

"नाही," लिंडसे म्हणाला. "वाऱ्यात तपासणी करणं धोक्याचं आहे."

"मग वाऱ्यात रॅकवरून ग्लायडर नेणं?"

"ते तर जास्तच. त्याची तपासणीच झालेली नाही."

ठराव झाला: रॅकना प्रमाणपत्र फक्त वारा नसलेल्या दिवसांपुरतं. वाऱ्याच्या दिवशी रॅक लावलेली गाडी, भरलेली असो की रिकामी, फाटकाबाहेर दिसली तर प्रमाणपत्र वर्षभरासाठी रद्द. आणि रॅक असा तसा काढता येत नाही. आमच्याकडे तो एकदा जोडला की गाडी विकतानाच सुटतो.

"लिंडसे," नेरिडा म्हणाली, "आपण उडतो कशावर, बाबा?"

"ते उड्डाण समितीचं काम आहे," लिंडसे म्हणाला. "मी रॅक बघतो."

पुढचे काही आठवडे योजना अतिशय यशस्वी झाली. वारा पडला की आम्ही सगळे ओळीने मटन हिलवर, म्हणजे आमच्या उडायच्या टेकडीवर जायचो. तिथे ग्लायडर खाली उतरवायचे, शेजारी बसून खिमा भरलेले मीट पाय खायचे, स्तब्ध झाडांकडे बघायचं, ग्लायडर पुन्हा चढवायचे आणि खाली यायचं. वारा सुटला की घरी बसून खिडकीतून त्याच्याकडे बघायचं. हळूहळू लोकांना हे आवडू लागलं. पाठ दुखत नाही, भीती वाटत नाही, जेवायला वेळेवर घरी. कॉलिनने ग्लायडरची पिशवी उघडणंच सोडून दिलं. सगळी हौस तो रॅकला पॉलिश करण्यात भागवायचा. उत्कृष्ट रॅकसाठी एक चषक निघाला. तो कॉलिनला मिळाला.

"मूठ काय चमकतेय राव," लोक म्हणायचे.

एकटी नेरिडा कॅलेंडर बघत होती. टेकडीवर ती आमच्यात बसायचीच नाही. कड्याच्या टोकाला जाऊन वाळकं गवत चिमटीतून सोडायची. ते सरळ तिच्या बुटांवर पडायचं.

सप्टेंबरच्या शेवटच्या दिवशी सकाळी तिचा फोन आला.

"जॅनीन, वारा बघितलास?"

बघितला होता. पश्चिमेचा, एकसारखा, इस्त्री केल्यासारखा. असा वारा वर्षातून एकदा येतो, आणि मुद्दाम आल्यासारखा येतो.

"बघितला," मी म्हणाले. "नेरिडा, मी गाडी दिली असती गं, पण रॉसचं प्रमाणपत्र—"

"तुझी गाडी मागितली का मी? मला एवढंच सांग, योजनेत चालण्याबद्दल काही लिहिलंय?"

मी आठवून पाहिलं. भार, फळ्या, गाठी, वारा. चालण्याबद्दल काहीच नव्हतं.

"मग बूट घाल आणि ये," ती म्हणाली. "पुढची तार धरायला कुणीतरी हवं."

घडी घातलेला ग्लायडर नव्या खुब्यावर वाहून नेणं अशक्य होतं. पण उघडलेला ग्लायडर वाऱ्यात स्वतःचं ओझं स्वतः उचलतो. घरातल्या फार थोड्या वस्तूंबद्दल आणि माणसांबद्दल असं म्हणता येतं. तिने तो अंगणातच उभा केला, हेल्मेट चढवलं, पट्टे अंगावर बांधून ग्लायडरला अडकवले, दांडी खांद्यावर घेतली, आणि आम्ही मटन हिलच्या रस्त्याला लागलो. ती पंखांखाली, मी पुढे नाकाची तार धरून. पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दहा मीटर. रस्ता सात.

पहिल्या चढावरच मागे दुधाचा टँकर आला. त्याच्यामागे कॉलिनची गाडी. त्याच्यामागे रॉस.

"तू कशाला आलास?" मी ओरडून विचारलं.

"डबा विसरलीस," रॉस खिडकीतून म्हणाला. मी डबा केलाच नव्हता.

मग एकेक करत सगळेच आले. टालबुंगात बातमी पसरायला फोन लागत नाही. ती फाटकाफाटकावरून उडी मारत जाते. थोड्या वेळाने मागे वळून पाहिलं तर वळणापर्यंत गाड्यांची रांग, प्रत्येकीच्या टपावर रिकामा रॅक, आणि सगळे रॅक वाऱ्यात शिट्टी वाजवताहेत. शेवटी लिंडसे आला. तो जाकीट घालत-घालत गाडीतून उतरला आणि रांग ओलांडून धावत पुढे आला.

"नेरिडा, थांब. हा रॅक आहे का?"

"नाही."

"ग्लायडर टपावर आहे का?"

"मीच टपाखाली आहे, बाबा."

लिंडसेने पंखांखाली वाकून पाहिलं. तिथे फक्त नेरिडा होती. "मग हे माझ्याकडे येत नाही," तो म्हणाला. त्याला वाईट वाटलं की बरं वाटलं ते जाकिटावरून कळलं नाही. पण वरून एक ट्रॅक्टर येत होता आणि पंखांनी रस्ता पुरता अडवला होता. लिंडसे गाडीकडे गेला, डिकीतून जुनी गोल पाटी काढली, आमच्या पुढे येऊन उभा राहिला आणि हात वर केला. ट्रॅक्टर थांबला. इतक्या आठवड्यांत त्याने केलेलं ते पहिलं काम होतं ज्यामुळे कुणाचं तरी काही अडण्याऐवजी पुढे सरकलं.

माथ्याच्या अलीकडे एक वळण आहे. तिथे रस्त्याचा कठडा संपतो आणि उतार थेट खाली कुरणांपर्यंत जातो. तिथे वारा समोरून वर येत होता. नेरिडा थांबली. तिला माथ्यापर्यंत जायचं होतं, पण खुबा वेगळं सांगत होता, हे मला तिच्या श्वासावरून कळत होतं.

"इथूनच?" मी विचारलं.

"तू नाक धर. मी लोंबकळून बघते."

मी नाक धरलं. ती पट्ट्यांवर पालथी झाली, पाय मागे ताणले, दांडीपासून छातीचं अंतर पाहिलं. मागच्या सगळ्या गाड्यांची इंजिनं बंद झाली. ती पुन्हा उभी राहिली.

"जॅनीन."

"काय?"

"सोड आता."

मी तार सोडून खाली बसले. तिचे बूट माझ्या शेजारून गेले, एक थोडा लंगडत. मग रस्ता संपला. नेरिडा संपली नाही.

ती खाली गेलीच नाही. उताराच्या कडेला पंख जरा हलले आणि ती वर चढली, आमच्या डोक्यांच्याही वर, पाटीच्या वर, निलगिरीच्या शेंड्यांच्या वर. कॉलिन डोळे पुसत होता. "धूळ," तो कुणी न विचारताच म्हणाला. लिंडसेचा पाटी धरलेला हात तसाच वर राहिला होता. ट्रॅक्टरवालाही खाली उतरून, टोपी मागे सारून वरच बघत उभा होता. रॉसने टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. नेरिडाने आमच्यावर दोन मोठी वर्तुळं काढली, दूर तळ्यापर्यंत गेली आणि मेंढरांमध्ये अशी उतरली की एकाही मेंढीने चरणं थांबवलं नाही.

संध्याकाळी आम्ही क्लबच्या शेडमध्ये जमलो. कॉलिनने परवान्याचा कागद टेबलावर ठेवला. तो सहाच्या आत पाठवायचा होता. उड्डाण झालं. खाली साक्षीदारांच्या दोन जागा. पहिलीवर मी सही केली आणि पेन कॉलिनकडे सरकवलं.

त्याने पेन उचललं, आणि मग त्याची नजर खिडकीबाहेर गेली. बाहेर आमच्या गाड्या उभ्या होत्या, रॅकांसकट. वारा अजून होता.

"सही करायची म्हणजे," कॉलिन सावकाश म्हणाला, "मी तिथे होतो असं होतं."

"होतासच की," नेरिडा म्हणाली. ती कोपऱ्यात चहा घेऊन बसली होती. हेल्मेटने केस चपटे झाले होते आणि ती दहा वर्षांनी लहान दिसत होती.

"होतो गं. पण आलो कसा, असं कुणी विचारलं तर?"

प्रत्येकाने मनातल्या मनात हिशेब केला. त्या वळणावर मी सोडून एकजणही चालत आलेला नव्हता. ज्याने पाहिलं त्याने वाऱ्यात रॅक बाहेर काढला होता. साक्ष दिली की प्रमाणपत्र गेलं. कॉलिनने पेन पुढे सरकवलं. ते टेबलावरून असं फिरलं की जणू गरम आहे.

"लिंडसे, तू तर पुढेच उभा होतास," मी म्हणाले.

"अधिकारी म्हणून मी तिथे असणं शक्यच नाही," लिंडसे म्हणाला. "मी असतो तर वाऱ्यातल्या त्या सगळ्या गाड्या थांबवल्या नसत्या का? थांबवल्या नाहीत, म्हणजे मी नव्हतो."

"रॉस?"

"मी तुला डबा द्यायला आलो होतो. वर बघितलंच नाही."

"टाळ्या वाजवल्यास तू," नेरिडा म्हणाली.

"डास होते."

मी त्याच्याकडे पाहिलं. तीस वर्षांचा संसार केलेल्या माणसाकडे एका विशिष्ट पद्धतीने पाहता येतं, तसं पाहिलं. तो लाल झाला, पण पेनाला त्याने हात लावला नाही. टँकरवाल्याला फोन केला; तो म्हणाला, वाटेत थांबलो असं लिहून देण्यावर आमच्या कंपनीची बंदी आहे. ट्रॅक्टरवाला फोन उचलत नव्हता. बाकी सगळी अळीमिळी गुपचिळी.

"मी वर होते ना?" नेरिडाने विचारलं. ती चेष्टा करत नव्हती. खरंच विचारत होती. "तुम्ही सगळे खाली दिसत होतात मला. एकूणएक."

"फार सुंदर होतं, नेरिडा," कॉलिन गहिवरून म्हणाला. "ज्यांनी पाहिलं असेल त्यांच्या आयुष्यभर लक्षात राहील."

मग विषय बदलावा म्हणून त्याने योजनेचा अहवाल वाचला. अंमल सुरू झाल्यापासून रॅकमुळे एकही अपघात नाही. टाळ्या पडल्या. त्या टाळ्या डासांसाठी नव्हत्या.

कागद अजून टेबलावर आहे. एक सही आहे, एक जागा रिकामी. सहाला थोडा वेळ आहे. मी नियम पुन्हा वाचून पाहिला: साक्षीदार क्लबचाच हवा असं त्यात कुठेही नाही, टालबुंगाचा हवा असंही नाही. कुणीही सज्ञान माणूस चालतो, त्याने फक्त उड्डाण पाहिलेलं असावं.

तुम्ही पाहिलंत. वळणावर माझ्या शेजारीच होतात, तिचा एक बूट लंगडत गेला तोही पाहिलात. तुमच्या टपावर रॅक नाही. तुम्ही गाडीच आणलेली नाही. या सगळ्या माणसांना तुम्ही आत्ता मनातल्या मनात काय म्हणत होतात, तेही मला अंदाजाने कळतंय, आणि मी तुमच्याशी सहमत आहे.

हे घ्या पेन. नेरिडा बघतेय.

नाव, पत्ता आणि सही, एवढंच. नाही, पुढे त्याचं काही होत नाही. निदान मला तरी तसं वाटतं. पत्ता कशाला, असं तुम्ही विचारणार हे ठाऊक होतं मला; कॉलिननेही आधी तेच विचारलं होतं.